बाणाचा वेग काढायचाय पण मशीन नाही: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात शाळांमधल्या तिरंदाजीवर लिहिलं होतं, त्यावर यावेळी भरपूर प्रश्न आलेत आणि निम्म्याहून जास्त लोकांना एकच गोष्ट विचारायची आहे, बाणाचा वेग घरच्या घरी कसा काढायचा. म्हणून हा महिना पूर्ण त्यालाच देते.

प्रश्न: नमस्कार ताई. आमच्या शाळेत चार-पाच लेकरं रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं धनुष्य) मारतात. मैदान ३० मीटरचं, मागं कडब्याची गंजी आणि तिच्यापुढं घासाची गादी. एक पोरगी पुढच्या वर्षी ७० मीटरला उतरायचं म्हणायलीय. पण शेजारच्या रानात ५० च्या पुढं जाऊन बघितलं तर साईटची (नेम धरायला धनुष्यावर लावतात ती) पिन पार खाली येऊन बाणालाच टेकायली. ओळखीचे एक कोच म्हणले आधी वेग मोजा, मग धनुष्याचा जोर (दोरी पूर्ण ओढायला लागणारी ताकद) वाढवायचा का ते ठरवा. वेग मोजायचा क्रोनोग्राफ आमच्याकडं नाही आणि शाळा घेऊन देणार नाही. काही उपाय आहे का?
(क्रीडाशिक्षक, बीड जिल्हा)

उत्तर: सर, उपाय आहे, आणि तो तुमच्या खिशातच आहे. मोबाईलचा व्हॉइस रेकॉर्डर चालू करा, बाण सुटताना दोरीचा आवाज येतो आणि गादीत घुसताना धप्प असा आवाज येतो, या दोन आवाजांमधला वेळ काढला आणि अंतराला त्या वेळेनं भागलं की वेग मिळाला. ऐकायला एवढंच आहे पण दोन-तीन जागा अशा आहेत की तिथं चुकलं तर आकडा सहज पाच-सात मीटरनं घसरतो, म्हणून सविस्तर सांगते.

पहिलं म्हणजे आवाजालाही वेळ लागतो. फोन तुमच्या पायाशी असेल तर दोरीचा आवाज लगेच येतो, गादीचा मात्र ३० मीटर परत चालत येतो. हवेत आवाजाचा वेग ० अंशाला सेकंदाला साधारण ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला ०.६ मीटरनं वाढतो, म्हणजे आपल्याकडच्या ३६ अंशाच्या दुपारी धरा ३५३. त्या हिशोबानं ३० मीटरला ०.०८५ सेकंद जातात. आता समजा रेकॉर्डिंगमध्ये दोन आवाजांत ०.७० सेकंद दिसले, तर बाणाचा खरा वेळ ०.६१५. हे वजा करायचं राहिलं तर वेग सेकंदाला ४२ मीटर येतो आणि वजा केलं तर ४८, एवढा फरक आहे.

यापेक्षा सोपं म्हणजे फोन मधोमध ठेवा. धनुष्यापासून जेवढा लांब तेवढाच गादीपासून, आणि बाणाच्या वाटेपासून पाच-सहा मीटर बाजूला, एखाद्या विटेवर. दोन्ही आवाजांना यायला सारखाच उशीर होतो, तो आपोआप कटतो, तापमान बघायची गरज नाही, वजाबाकी नाही. फक्त रेकॉर्डिंग चालू करून ठेवणारा माणूस रेषेच्या मागं परत आल्याशिवाय कुणी बाण लावायचा नाही, आणि फोन आणायला सुद्धा सगळ्यांचे बाण मारून झाल्यावरच जायचं. हे लेकरांना आधी सांगा, मग बाकीचं.

दुसरं म्हणजे अंतर कुठून मोजायचं. दोरीचा आवाज येतो तेव्हा दोरी आपल्या मूळ जागी परत आलेली असते आणि बाणाचं टोक धनुष्याच्या बरंच पुढं गेलेलं असतं. त्यामुळे रेषेपासून मोजू नका. मुलीला रेषेवर उभं करा, बाण दोरीत अडकवायला सांगा, ओढायचा नाही, आणि बाणाच्या टोकाखाली जमिनीवर खूण करून तिथून गादीच्या तोंडापर्यंत टेप लावा. ३० च्या जागी साडेएकोणतीसच्या आसपास भरेल. वरचा ४८ मी त्याच अंतरानं काढलाय.

तिसरी जागा क्लिकरची, म्हणजे बाण पूर्ण ओढला की टिक् वाजणाऱ्या धनुष्यावरच्या पट्टीची. रेकॉर्डिंग कम्प्युटरवर घ्या, ऑडासिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात आवाजाची रेघ मोठी करून बघता येते. आधी एक बारीक टोकदार काडी दिसेल, ती क्लिकरची टिक् आहे, ती सोडून द्या, बरेच जण तिथूनच मोजायला लागतात. तिच्या थोडं पुढं एकदम जाड होऊन हळूहळू बारीक होत जाणारा झुपका दिसेल, ती दोरी. मग बराच वेळ नुसती बारीक थरथर, त्यात वारा, कुणाचं बोलणं, लांबची मोटार. मग धप्प. दोन्ही झुपके जिथं सुरू होतात तिथं खूण करायची, जिथं सगळ्यात उंच आहेत तिथं नाही. एवढं नीट केलं तर चूक ५ हजारांश सेकंदाच्या आत राहते, म्हणजे ३० मीटरला १ टक्क्याहून कमी. १० मीटरवरून मारून हेच करायला गेलात तर तीच चूक अडीच टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणून अंतर कमी करू नका. आणि एका बाणावर विसंबू नका, सलग सहा बाणांचा वेळ काढा. हा येतो तो वाटेतला सरासरी वेग, हवा बाणाला अडवते त्यामुळे सुटतानाचा वेग त्याहून थोडा जास्त असतो, पण तुमच्या कामाला हा पुरेसा आहे.

आता तुमच्या मुलीचा खरा प्रश्न, कारण आकडा काढून तो वहीत ठेवायचा नाहीये. डोळा आणि बाण यांच्यात हनुवटीखाली अँकर घेणाऱ्या (दोरी पूर्ण ओढून हात तिथं टेकवणाऱ्या) मुलीचं ११ सेंटीमीटर अंतर धरा, डोळ्यापासून पिनपर्यंत ८५ सेंटीमीटर. वेग ४८ असेल तर ६० मीटरलाच पिन बाणाच्या रेषेला येऊन भिडते आणि ७० ला तिच्याही खाली दीड-दोन सेंटीमीटर जावी लागते, म्हणजे नेम धरताच येणार नाही. तुमच्याकडं हेच व्हायलंय असं मला वाटतं. वेग ५५ झाला तर ७० मीटरला पिन बाणाच्या वर साधारण सेंटीमीटरभर राहते, हवेचा अडथळा धरला तर त्याहून कमी, पण काम भागतं. ४८ वरून ५५ म्हणजे बाणाला जवळपास ३० टक्के जास्त ऊर्जा लागते आणि ती सगळी धनुष्याचा जोर वाढवून काढायला गेलात तर पोरीचा खांदा जाईल. सर, हे मी कळकळीनं सांगते, आधी बाण बघा. शाळांत सरावाला ॲल्युमिनियमचे जाड बाण असतात, सोनाराच्या काट्यावर एक बाण तोलून आणा. २२-२३ ग्रॅम भरला तर त्याच धनुष्याला चालणारा हलका कार्बन बाण घेतल्यावर बराचसा फरक तिथंच निघतो. मग साईटची दांडी आठ-दहा सेंटीमीटर आत घ्या, डोळा आणि पिन जवळ आले की पिन वर राहते. एवढं करून कमी पडलं तर जोर वाढवा, तो पण एका वेळी दोन पाउंड आणि मध्ये चांगले दोन-तीन महिने जाऊ द्या.

प्रश्न: ताई, आवाज वगैरे कशाला, माझ्या मोबाईलमध्ये स्लो मोशन आहे २४० फ्रेमचं. दोन काठ्या रोवून बाण एकीकडून दुसरीकडं जाताना किती फ्रेम गेल्या ते मोजलं की झालं ना? मी केलं तर भावाच्या धनुष्याचा वेग ६४ आला, आवाजानं ५७ येतोय. कुठला खरा?
(लातूर)

उत्तर: आवाजाचा. तुमचं गणित बरोबर आहे, काठ्या बहुतेक चुकीच्या जागी आहेत. बाण काठ्यांच्या वरून जात नसेल आणि काठ्या बाणाच्या वाटेच्या मागं एक मीटरवर असतील, कॅमेरा वाटेपासून १० मीटरवर, तर कॅमेऱ्याला बाण एका काठीपासून दुसऱ्या काठीपर्यंत गेलेला दिसतो पण प्रत्यक्षात तो ११ ला १० या प्रमाणात कमी अंतर गेलेला असतो. त्यानं वेग १० टक्के फुगतो, ५७ चा जवळपास ६३ होतो, तुमचा फरक तिथंच निघाला बघा. काठ्या अगदी वाटेखाली रोवा आणि कॅमेरा जमेल तेवढा लांब.

शिवाय ५५ मीटरच्या वेगाला २४० फ्रेममध्ये दर फ्रेमला बाण २३ सेंटीमीटर पुढं सरकतो. काठ्यांमध्ये ६ मीटर ठेवले तर २६ फ्रेम मिळतात आणि एक फ्रेम इकडं-तिकडं झाली की ४ टक्के गेले. जास्त फ्रेमचा दावा करणाऱ्या काही फोनमध्ये मधल्या फ्रेम खऱ्या नसतातच, सॉफ्टवेअरनं तयार करून घातलेल्या असतात. त्याची परीक्षा सोपी आहे, एक मीटर उंचीवरून लिंबू सोडा आणि त्याचं शूटिंग करा, पडायला ०.४५ सेकंद लागतात म्हणजे २४० ला १०८ फ्रेम यायला पाहिजेत. तेवढ्या आल्या आणि प्रत्येक फ्रेममध्ये लिंबू सरकलेलं दिसलं तर फोनवर भरवसा ठेवा. व्हिडिओचा उपयोग वेगापेक्षा दुसऱ्याच कामाला जास्त होतो, दोरी सुटल्यावर बाण कसा लवतो ते बघायला, त्यासाठी जरूर वापरा.

प्रश्न: दुकानदार म्हणतोय की हे कम्पाऊंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) ३२० फूट प्रति सेकंद मारतं. माझ्या मुलाचं ४५ पाउंडावर आहे, मोजलं तर २३० च्या आसपास. फसवलं का आम्हाला?
(छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: फसवलं नाही, पण अर्धीच गोष्ट सांगितली. कम्पाऊंडच्या पेटीवर असतो तो आकडा बहुतेक वेळा ७० पाउंड जोर, ३० इंच खेच (दोरी किती मागं ओढली जाते ते अंतर) आणि ३५० ग्रेनचा, म्हणजे साधारण पावणेतेवीस ग्रॅमचा बाण असं धरून काढलेला असतो. मुलाची खेच ३० इंच आहे का? बहुतेक २६-२७ असेल. ठोकताळा असा आहे की खेच इंचभर कमी झाली की १० फुटाच्या आसपास वेग जातो, त्यात जोर ७० चा ४५. त्या मानानं २३० चांगलाच आहे. आणि ७० पाउंड जागतिक नियमांत बसतच नाही, कम्पाऊंडला मर्यादा ६० पाउंडाची आहे. २०२३ ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपल्या महाराष्ट्राच्या अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी कम्पाऊंडची वैयक्तिक सुवर्णपदकं घेतली ती याच मर्यादेत राहून, ५० मीटरवर, जिथं दहाचं वर्तुळ फक्त ८ सेंटीमीटरचं असतं. मुलाच्या सहा बाणांचे वेग एकमेकांपासून किती फुटांनी वेगळे येतात ते मोजा, दुकानदाराच्या आकड्यापेक्षा ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सहाही वेग दोन-तीन फुटांच्या आत असतील तर पोराचं तंत्र जमत चाललंय. फरक दहाच्या वर असेल तर तो दरवेळी सारखा ओढत नाहीये किंवा बाणांची वजनं वेगवेगळी आहेत, आधी बाण तोला.

प्रश्न: आमच्याकडं बांबूचं धनुष्य आहे, साईट नाही, क्लिकर नाही, पोरं इंडियन राउंडसाठी (बांबूच्या धनुष्यानं खेळायचा आपल्याकडचा तिरंदाजीचा प्रकार) सराव करतात. मोबाईलला आवाज नीट सापडत नाही कारण मैदान रस्त्याला लागून आहे. दुसरं काही?
(किनवट)

उत्तर: तुमच्यासाठी एक जुना आणि फार सुंदर उपाय आहे. इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सनं १७४२ मध्ये तोफा-बंदुकांवर पुस्तक लिहिलं, त्यात बंदुकीच्या गोळीचा वेग त्यानं टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात गोळी मारून काढला होता. गोळी आत रुतते, ठोकळा मागं झुलतो, किती झुलला त्यावरून गोळीचा वेग. झोका मोजायला त्यानं ठोकळ्याला फीत लावली होती, ठोकळा मागं गेला की तेवढी फीत ओढली जायची. बाणाला हे जास्तच चांगलं लागू पडतं कारण बाण सावकाश जातो आणि नीट रुतून बसतो.

पोत्यात जुने कपडे गच्च दाबून भरा, सगळं मिळून ६ किलोच्या आसपास. कडुलिंबाच्या आडव्या फांदीला चार दोऱ्यांनी टांगा, दोन पुढं दोन मागं, म्हणजे पोतं फिरणार नाही, नुसतं मागं-पुढं झुलेल. फांदीपासून पोत्याच्या मध्यापर्यंत २ मीटर ठेवा. पोत्याच्या मागच्या बाजूला एक सुतळी बांधा आणि तिचं दुसरं टोक स्टुलावर ठेवलेल्या जाड वहीच्या पानांत अलगद दाबून तिथं पेनानं खूण करा. सुतळी ताठ पण ओढलेली नको. स्टूल पोत्याच्या पुढच्या अंगाला, म्हणजे बाण मारणाऱ्याकडं, पण बाजूला घ्या, बाणाच्या रेषेत नको, तरच पोतं मागं गेल्यावर सुतळी ओढली जाईल, आणि पोत्याच्या मागं तुमची नेहमीची गादी असू द्या कारण एखादा बाण चुकणारच. मग पाच-सहा मीटरवरून पोत्याच्या बरोबर मध्यावर मारा. पोतं मागं जाताना सुतळी कडेला असल्यामुळं वहीतून थोडी तिरपी ओढली जाते, तेव्हा स्टूल फार बाजूला नको, पोत्याला लागणार नाही इतकंच.

गणित असं. २ मीटरच्या दोरीला पोतं जितके मीटर मागं गेलं त्याला २.२१ नं गुणायचं, तो पोत्याचा वेग. मग पोतं आणि बाण मिळून जे वजन आहे त्याला बाणाच्या वजनानं भागायचं आणि त्यानं गुणायचं. बाण ३० ग्रॅमचा असेल तर ६०३० भागिले ३०, म्हणजे २०१. पोतं ९ सेंटीमीटर गेलं तर ०.०९ गुणिले २.२१ गुणिले २०१, आले ४० मीटर प्रति सेकंद. फुटात पाहिजे असेल तर ३.२८ नं गुणा, १३१ होतात. दोरीची लांबी वेगळी ठेवली तर ९.८१ ला त्या लांबीनं भागून वर्गमूळ घ्या, २.२१ च्या जागी ते. बाण रुतला पाहिजे ही अट पक्की, आपटून मागं उडाला तर पोत्याला जास्त धक्का बसतो आणि वेग खोटाच जास्त दिसतो, तो बाण मोजू नका. आणि वजनात काटकसर करू नका, बाण सोनाराकडे तोला, पोतं किराणाच्या काट्यावर.

बांबूच्या धनुष्याला हे वरचेवर करून बघण्यासारखं आहे. बांबू ऊन, ओल आणि वापरानं बदलतो, दोरी ताणली जाते, आणि साईट नसल्यामुळं पोरांना कळत नाही की नेम चुकला की धनुष्य नरमलं.

प्रश्न: साईटच्या खुणांवरून वेग निघतो असं ऐकलं. खरं का?
(नांदेड)

उत्तर: खरं आहे आणि बऱ्यापैकी जवळ येतो. ३० आणि ५० मीटरच्या पक्क्या खुणांमध्ये साईटवर किती मिलिमीटर आहेत ते घ्या, समजा २६. डोळा ते पिन ८५० मिलिमीटर. २६ ला ८५० नं भागा, ०.०३०६. यात डोळा बाणाच्या वर असल्याची दुरुस्ती मिळवायची, ११ सेंटीमीटरला ती ०.००१५ येते, एकूण ०.०३२१. आता ९.८१ गुणिले २० मीटर, त्याला ०.०३२१ च्या दुपटीनं भागा आणि वर्गमूळ घ्या. ५५ येतात. खुणा एकाच दिवशी, वारा नसताना घेतलेल्या पाहिजेत आणि डोळा ते पिन हे अंतर पूर्ण ओढलेल्या स्थितीत दुसऱ्यानं मोजलं पाहिजे, चुका इथंच होतात.

प्रश्न: ४५ अंशात वर मारायचा आणि किती लांब पडला ते पावलांनी मोजायचं, सूत्र पुस्तकात आहेच. रान मोकळंच असतं आमचं.
(जालना)

उत्तर: नका करू दादा. ५५ मीटरच्या वेगानं सुटलेला बाण पुस्तकातल्या सूत्रानं ३०० मीटरच्या पुढं जातो, हवेमुळं कमी जातो पण कितीनं कमी ते बाणागणिक बदलतं, म्हणजे आकडाही धड मिळत नाही. आणि मोकळं दिसणाऱ्या रानात कापूस वेचणाऱ्या बाया असतात, शेरडं असतात, बांधाआड कुणी बसलेलं असतं. वरून येणारा बाण दिसत नाही आणि ऐकूही येत नाही.

प्रश्न: ताई मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनात हाच विषय घेऊ का? मशीन न वापरता धनुष्यातली ऊर्जा पण मोजता येते का?
(हिंगोली)

उत्तर: घे बाळा, जरूर घे, आणि ऊर्जेचा भाग तर नक्की घे. सामान तोलायचा हुकाचा काटा असतो ना, तो दोरीला अडकवून सरांच्या मदतीनं दर दोन इंचाला किती वजन दाखवतो ते लिही आणि आलेख काढ, आडवी खेच, उभा जोर. त्या रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे धनुष्यात साठलेली ऊर्जा. ३६ पाउंड म्हणजे १६० न्यूटन, आणि दोरी आपल्या जागेपासून २० इंच म्हणजे ०.५१ मीटर मागं आली असेल तर सरळ त्रिकोण धरून जवळपास ४१ ज्यूल होतात. मग आवाजानं बाणाचा वेग काढ, २० ग्रॅमचा बाण ५३ नं गेला तर त्याच्याकडं २८ ज्यूल आहेत. उरलेली कुठं गेली? धनुष्याचे हात आणि दोरी हलवायला, थरथरीला, आवाजाला. मग जड बाण लावून परत मोज, वेग कमी येईल पण ऊर्जा थोडी वाढलेली दिसेल, परीक्षकांना हे दाखवच.

प्रदर्शनात मात्र धनुष्याची दोरी उतरवून ठेव. बघायला येणारा कुणीतरी बाण न लावता ओढून सोडणारच, आणि रिकामी दोरी सोडली की बाणाला जायची ती सगळी ऊर्जा धनुष्याच्या हातांतच जाते, ते तडकतात आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. टेबलावर धनुष्य, आलेख आणि रेकॉर्डिंगची ती रेघ छापून ठेव, तेवढं बास आहे.